माथेरानचा मॅलेट खरंच नॉर्मन होता का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माथेरानला मालेट स्प्रिंग हे नाव पाहिलं. १८५० साली हा डोंगर जगापुढे आणणारा ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन सरदाराचा वंशज होता, असंही वाचलं. हे खरं का? आडनाव मुळात कुठलं? आणि पेशवे दरबारातला चार्ल्स मॅलेट याच घरातला का?"

शेवटच्या भागाचं उत्तर सोपं आहे. पुण्याचा चार्ल्स हा माथेरानच्या ह्यूचा बाप. आडनाव नॉर्मन आहे, यातही शंका नाही. राहिला वंशाचा प्रश्न, आणि तिथे सावकाश जायला हवं. कंपनीच्या काळातले कागद आणि त्यांतल्या साहेबांच्या वंशावळी वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. "आमचा पूर्वज विल्यम द कॉन्करर बरोबर आला" हे वाक्य त्या वंशावळींत इतक्या वेळा भेटतं की शेवटी डोळे त्यावरून घसरतात. मॅलेटांच्या बाबतीत मात्र ते निम्मंअधिक खरं आहे, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी आडनावाची जात ओळखू या. नॉर्मन आले तेव्हा इंग्लंडमध्ये पिढ्यान्पिढ्या चालणारी आडनावं जवळजवळ नव्हतीच. नॉर्मन सरदारांकडेही ती नुकती रुजत होती. बहुतेकांची गावावरून आलेली, मागे 'द' लावून: पर्सी, मॉन्टगॉमेरी, ब्रूस. काहींची बापाच्या नावावरून, 'फिट्झ' जोडून. काहींची हुद्द्यावरून. आणि काही चक्क टोपणनावं. गिफार्ड म्हणजे गुबगुबीत गालांचा, क्रिस्पिन म्हणजे उभ्या केसांचा. आपल्याकडे पुणेकर आणि टकले शेजारी राहतात, तसाच तो मामला. मॅलेट या शेवटच्या प्रकारातलं. जुन्या लॅटिन कागदांत पहिला विल्यम 'विलेल्मुस मॅलेट' एवढाच येतो, मध्ये 'द' नसतो. म्हणजे मॅलेट नावाचं गाव शोधत नॉर्मंडी पालथी घालण्यात अर्थ नाही. घराण्याचं गाव वेगळं आहे: सीन नदीच्या मुखाशी, आजच्या ल हाव्रला लागून असलेलं ग्राविल.

टोपणनावाचा अर्थ काय, यावर तीन मतं आहेत. एक हातोड्याशी जोडणारं, दुसरं 'शापित' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाशी, तिसरं कुठल्या तरी नावाचं लाडकं रूप मानणारं. आडनावांचे मग आणि चौकटी विकणारे हातोडा उचलतात, कारण तो लढाऊ दिसतो. माझ्या मते तिन्हींपैकी एकही सिद्ध झालेलं नाही आणि ते होईल असंही वाटत नाही.

आता १०६६. हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम, म्हणजेच विल्यम द कॉन्करर, याच्या बाजूने हजारो लोक होते, पण समकालीन किंवा जवळच्या काळातल्या विश्वसनीय साधनांतून ज्यांची हजेरी नावानिशी ठरते असे सरदार जेमतेम वीसेक भरतात. बाकीच्या लांबलचक याद्या, उदाहरणार्थ 'बॅटल ॲबे रोल' म्हणून जी मिरवली जाते ती, फार नंतरच्या आहेत आणि त्यांत वशिल्याने घुसवलेली नावं भरपूर. १८६२ साली नॉर्मंडीतल्या दीव गावच्या चर्चच्या भिंतीवर कोरलेली यादीही त्याच माळेतली. मात्र विल्यम मॅलेट त्या वीसेकांत बसतो. ड्यूकचा चरित्रकार, पाद्री पॉयटिअर्सचा विल्यम, त्याचं नाव घेतो आणि तेही एका विलक्षण प्रसंगात.

लढाई संपल्यावर इंग्लंडचा पडलेला राजा हॅरॉल्ड याचं प्रेत सापडलं. त्याच्या आईने प्रेताच्या भारंभार सोनं देऊ केलं. ड्यूकने ते नाकारलं आणि प्रेत विल्यम मॅलेटच्या स्वाधीन करून ते समुद्रकाठी पुरायला सांगितलं. ज्या किनाऱ्याची राखण करत होता तिथेच आता पहारा करू दे, असा टोमणाही त्यात होता. मॅलेटच का? हेस्टिंग्जच्या लढाईवरच्या एका जुन्या लॅटिन काव्यात हे पुरण्याचं काम करणारा माणूस 'अर्धा नॉर्मन, अर्धा इंग्रज, हॅरॉल्डचा सोयरा-सांगाती' असा येतो, नाव न घेता. दोन्ही वर्णनं एकाच माणसाची असतील, तर विल्यमची आई इंग्रज असावी आणि हॅरॉल्डशी त्याचा घरोबा असावा. अनेक अभ्यासक असं मानतात, मलाही ते पटतं. पण दोन साधनं जोडून काढलेला हा तर्क आहे. कागदात ते स्वच्छ लिहिलेलं नाही.

शंभर वर्षांनी वास या कवीने लढाईचं जे वर्णन केलं, त्यात मॅलेट शत्रूच्या गर्दीत घुसतो, ढाल फुटते, घोडा मरतो आणि दोन साथीदार त्याला ओढून बाहेर काढतात. शंभर वर्षांनंतरच्या कवितेला पुरावा म्हणून किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा. या कवितेचा धागा पुढे पुन्हा येईल.

विल्यमची पुढची कारकीर्द मला लढाईपेक्षा रंजक वाटते. १०६८ साली राजाने उत्तरेत यॉर्कला किल्ला बांधला आणि तो काही काळाने मॅलेटकडे दिला. ही नेमणूक म्हणजे मुंग्यांच्या वारुळावर बसणं होतं. १०६९ साली डॅनिश आरमार येतंय अशी बातमी आली तेव्हा त्याने राजाला कळवलं की वेळ पडली तर आम्ही वर्षभर टिकू. सप्टेंबरात डेन आणि बंडखोर इंग्रज एकत्र चालून आले. शत्रूला खंदक बुजवायला सामान मिळू नये म्हणून किल्ल्यातल्या नॉर्मनांनी आसपासची घरं पेटवली, आग शहरभर पसरली, मोठं चर्चही जळालं. शिबंदी कापली गेली. मॅलेट, त्याची बायको हेसिलिया आणि दोन मुलं कैद झाली, पण जिवंत राहिली.

राजाने त्याबद्दल त्याला दूर लोटलं असं दिसत नाही. पूर्वेकडे सफक परगण्यात आय नावाच्या गावी त्याची मोठी जहागीर होती, तिथे त्याने गढी बांधली. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या इंग्लंडभरच्या जमिनींच्या नोंदवहीत, या गढीबद्दल एक तक्रार आहे. शेजारच्या हॉक्सन गावी बिशपचा शनिवारचा आठवडेबाजार भरायचा. मॅलेटने त्याच दिवशी आपल्या गढीत बाजार सुरू केला, आणि बिशपच्या बाजाराची इतकी पडझड झाली की त्याला वार बदलून शुक्रवार धरावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीच्या सरदाराचा स्वभाव एवढा स्पष्ट दाखवणारी ओळ क्वचित मिळते. तो १०७१ च्या सुमारास मेला. पूर्वेच्या दलदलीत हेरवर्ड या इंग्रज बंडखोराचं बंड मोडायला गेला असताना मेला असावा, कारण डूम्सडेत 'तो दलदलीत गेला तेव्हा' असा उल्लेख त्याच्या जमिनींच्या संदर्भात येतो.

मुलगा रॉबर्ट मॅलेट बापापेक्षा मोठा जमीनदार झाला. एकट्या सफकमध्ये त्याच्या दोनशेहून जास्त ठिकाणी जमिनी होत्या. पण राजा विल्यमच्या मुलांतल्या भांडणात तो अडकला. कोणी म्हणतं पहिल्या हेन्रीने त्याला हाकललं, कोणी म्हणतं ११०६ साली टाँशब्रेच्या लढाईत तो पडला. आयची जहागीर थोड्याच वर्षांत ब्लोआच्या स्टीफनकडे, म्हणजे पुढे राजा झालेल्या स्टीफनकडे गेली. रॉबर्टचा थेट वंश इथे कागदांतून नाहीसा होतो.

हा वंशावळीतला पहिला कच्चा सांधा. पुण्या-मुंबईचे मॅलेट ज्या शाखेचे म्हणवतात ती सफकची नाहीच, ती नैऋत्येकडच्या सॉमरसेटची. तिथे करी मॅलेट आणि शेप्टन मॅलेट अशी दोन गावं आजही आहेत. नकाशा पाहून 'ही नॉर्मन विजयात मिळालेली गावं' असं लिहून टाकण्याचा मोह होतो. पण डूम्सडे उघडला की १०८६ साली ही गावं रॉजर द कुर्सेल या वेगळ्याच सरदाराकडे दिसतात. मॅलेट तिथे आले ते पहिल्या हेन्रीच्या काळात, आणि गावांच्या नावांना त्यांची शेपटी लागली ती त्यानंतर. हे सॉमरसेटवाले मॅलेट आणि आयचा रॉबर्ट यांचं नेमकं नातं सांगणारा समकालीन कागद नाही. आडनाव दुर्मिळ आणि काळ जवळचा, म्हणून ते एकाच गोतावळ्यातले असण्याची शक्यता मोठी. यापुढे मी जाणार नाही.

सॉमरसेटच्या शाखेतला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे करी मॅलेटचा विल्यम. १२१५ साली राजा जॉनकडून मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद, पाळली जाते की नाही हे बघायला जे पंचवीस सरदार नेमले, त्यांत हा होता. त्याआधी तो सॉमरसेट आणि डॉर्सेटचा शेरीफही होता. तो लवकरच वारला आणि मागे मुलीच राहिल्या. म्हणजे दुसरा कच्चा सांधा. मॅग्ना कार्टावाल्या विल्यमकडून पुरुषवंशाने उतरलो असं कुणी मॅलेट सांगत असेल तर ते चूक आहे. पुढची शाखा ब्रिजवॉटरजवळच्या एनमोर गावची, ती चुलत घराण्याची. एनमोरपासून पुढे मात्र जमिनीचे व्यवहार, मृत्युपत्रं, खटले असे कागद मिळत जातात आणि वंशावळ जमिनीवर पाय टेकते.

एनमोरच्या वारसांत एलिझाबेथ मॅलेटची गोष्ट सांगायलाच हवी. वर्षाला अडीच हजार पौंडांची आसामी, दिसायला देखणी, वय चौदा. तरुण अर्ल ऑफ रॉचेस्टर, पुढे कवी म्हणून आणि त्याहून जास्त बदफैलीपणासाठी गाजलेला, तिच्या मागे होता. मे १६६५ मध्ये एका रात्री ती राजवाड्यातल्या जेवणावरून आजोबांबरोबर परतत असताना चेअरिंग क्रॉसला त्याच्या हत्यारबंद माणसांनी गाडी अडवली, तिला उचललं आणि सहा घोड्यांच्या दुसऱ्या गाडीत घालून पळवलं. सॅम्युएल पेपिसने आपल्या रोजनिशीत हे दोन दिवसांतच टिपून ठेवलं आहे. राजा दुसरा चार्ल्स संतापला, अर्ल टॉवरच्या तुरुंगात गेला. आणि १६६७ च्या जानेवारीत तिने त्याच्याशीच, स्वतःहून लग्न केलं. तीही कविता लिहायची. तो १६८० मध्ये मेला, ती पुढच्याच वर्षी. एनमोरची मालमत्ता तिच्याबरोबर मॅलेट नावातून बाहेर पडली.

त्याच शतकात धाकट्या पाती गावोगाव होत्या. त्यांतल्या पॉइंटिंग्टनच्या पातीत सर थॉमस मॅलेट हा न्यायाधीश झाला. १६४२ साली, राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्धाची ठिणगी पडत असताना, तो किंग्स्टनला न्यायासनावर बसलेला होता. पार्लमेंटच्या घोडेस्वारांनी त्याला तिथूनच उचलून टॉवरमध्ये टाकलं. राजेशाही परतल्यावर म्हातारपणी तो पुन्हा न्यायासनावर बसला. चार्ल्स मॅलेट आपली पाळंमुळं या पॉइंटिंग्टनच्या पातीत सांगायचा. त्याच्या काळापर्यंत घराणं खेड्यातल्या पाद्र्यापर्यंत उतरलं होतं. चार्ल्सचा बाप अलेक्झांडर हा चर्चचा रेक्टर होता. नाव मोठं, उत्पन्न बेताचं. अशा घरातली मुलं तेव्हा कंपनीच्या नोकरीत जायची.

चार्ल्स वॉर मॅलेट १७५२ च्या सुमाराचा जन्म. मुंबई इलाख्यात चाकरी धरली, खंबायतला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा वकील, झाला, तिथे फारसीवर हात बसवला. १७८५ मध्ये त्याची पुण्याच्या दरबारी नेमणूक ठरली. पण महादजी शिंद्यांचा विश्वास बसल्याशिवाय पुण्यात पाऊल टाकण्यात हशील नाही, म्हणून तो आधी उत्तरेत जाऊन त्यांना भेटून आला आणि १७८६ मध्ये पुण्यात दाखल झाला. तिथून १७९७ पर्यंत, म्हणजे सवाई माधवरावांच्या कारकिर्दीचा मोठा भाग आणि त्यांच्या मृत्यूनंतरचा गोंधळ, हा माणूस नाना फडणविसांच्या समोर बसून पाहत होता आणि कलकत्त्याला लिहीत होता.

मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रज रेसिडेन्सी उभी राहिली ती याच्याच वेळेस. पुढे १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेने ती जाळली. १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम यांचा त्रिवर्ग तह झाला, त्यात पुण्याकडची बोलणी मॅलेटची. त्या ऑगस्टमधल्या दरबाराचं थॉमस डॅनियलने १८०५ साली काढलेलं भव्य चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे: तरुण पेशवे, नाना, सरदार, आणि तहाचा कागद पुढे करणारा मॅलेट. डॅनियल त्या दरबारात नव्हता. चित्रकार जेम्स वेल्सने पुण्यात केलेल्या रेखाटनांवरून त्याने ते रंगवलं. म्हणून त्यातली पागोटी विश्वासार्ह, मांडणी थोडी नाटकी. १७९१ मध्ये याच कामगिरीबद्दल चार्ल्सला वंशपरंपरागत बॅरोनेट पदवी मिळाली. लक्षात घ्या, त्याचं 'सर' हे नॉर्मन पूर्वजामुळे आलेलं नाही, टिपूविरुद्धच्या तहामुळे आलेलं आहे.

मराठी वाचकाने मॅलेट जपून वाचावा असं मी नेहमी सांगतो, पण वाचावा जरूर. रियासतकार सरदेसाईंनी पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचा एक अख्खा खंड मॅलेटच्या वकिलातीला दिला आहे. नानांच्या बाजूचे कागद आणि हा खंड शेजारी ठेवून वाचले की एकाच भेटीची दोन वर्णनं मिळतात. त्यांत कोण काय गाळतो हे पाहण्यासारखं असतं.

शिवाय त्याला चित्रं आणि लेणी यांचा नाद होता. त्याच्या पुढाकाराने पुण्यात वेल्सच्या हाताखाली स्थानिक कारागिरांना पाश्चात्त्य पद्धतीचं रेखाटन शिकवलं गेलं. गंगाराम तांबट हा त्यांतला सगळ्यात गुणी. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेरूळवर मॅलेटने स्वतः लिहिलेलं सविस्तर वर्णन एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापलं गेलं. वेल्सने सवाई माधवराव आणि नानांचं जे एकत्र चित्र काढलं, जे आपण शाळेच्या पुस्तकापासून पाहत आलो, तेही याच आश्रयातलं. वेल्स १७९५ च्या नोव्हेंबरात, सवाई माधवरावांनंतर काही आठवड्यांतच, साष्टीतल्या लेण्यांचं काम करताना आजारी पडून वारला.

आणि आता वंशावळीतली अशी जागा, जिच्याकडे इंग्रजी घराणेकोश वळत नाहीत. पुण्याच्या वर्षांत चार्ल्सच्या घरी अंबर कौर नावाची हिंदुस्थानी स्त्री होती, त्याच्या तीन मुलांची आई. वेल्सने १७९२ मध्ये तिचं आणि मुलांचं सुरेख चित्र काढलं. मुलं इंग्लंडला गेली. चार्ल्स १७९८ मध्ये परतला, आणि पुढच्या वर्षी त्याने वेल्सची मुलगी सुझना हिच्याशी लग्न केलं. त्यांना आठ मुलगे. छापील बॅरोनेट-वंशावळींत हे आठ येतात, आधीची तीन येत नाहीत, कारण त्या वंशावळींचा हेतूच पदवीचा वारस सांगणं हा असतो. 'मॅलेटांचे नामांकित वंशज' अशी यादी करताना ही गाळलेली ओळ मी आवर्जून परत लिहितो.

आठांपैकी थोरला, सर अलेक्झांडर, जर्मन संघराज्याच्या राजधानीत, फ्रँकफर्टला, ब्रिटनचा वकील होता; १८६६ मध्ये प्रशियाने ते संघराज्य मोडलं त्यावर त्याने पुस्तक लिहिलं. पण या उत्तरापुरती त्याची जास्त मजेची कामगिरी वेगळी आहे: वर सांगितलेल्या वास कवीच्या काव्याचा इंग्लंडच्या विजयाचा भाग त्याने १८६० साली इंग्रजी पद्यात आणला. पेशवे दरबारातल्या रेसिडेंटचा मुलगा, हेस्टिंग्जच्या मॅलेटची ढाल फुटल्याच्या ओळी भाषांतरित करत बसलेला. घराण्याला आपल्या नॉर्मनपणाची किती ओढ होती ते यावरून कळतं. धाकटा भाऊ आर्थर याने तर १८८५ मध्ये घराण्याच्या इंग्लिश शाखेवर पुस्तकच छापलं. जुने दफ्तरखाने धुंडाळून केलेलं ते काम आहे आणि आजही उपयोगी पडतं. फक्त एवढं विसरू नका की मॅलेटांवरचा हा ग्रंथ मॅलेटाने लिहिलेला आहे. वर सांगितलेल्या दोन सांध्यांशी आलात की त्याला बाजूला ठेवून मूळ कागद मागा.

हा आर्थर मुंबईच्या मुलकी सेवेत होता, गव्हर्नरच्या कौन्सिलपर्यंत पोचला. महाबळेश्वरचा आर्थर सीट याच्याच नावाचा. त्या कड्याचं जुनं नाव मढीमहाल. तिथे पहिलं घर बांधणारा म्हणून त्याचं नाव लागलं, असं जुन्या गॅझेटियरात आहे. तिथले वाटाडे जी गोष्ट सांगतात, की सावित्रीत बायको-मूल बुडालं म्हणून तो इथे बसून नदीकडे बघत राहायचा, तिच्यातला मृत्यूचा भाग खरा आहे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला त्याने पत्नी आणि तान्हं मूल गमावलं. कड्यावर रोज बसण्याचा भाग नंतरच्या सांगणाऱ्यांचा दिसतो.

ह्यू पॉइंट्झ मॅलेट तुमच्या ओळखीचा. मे १८५० मध्ये चौकला मुक्काम असताना तो वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला आणि रामबागेकडून उतरला. त्याच वर्षी पुन्हा जाऊन त्याने तिथे घर बांधायला घेतलं, ते पुढे 'बाइक' म्हणून ओळखलं गेलं. 'माथेरानचा शोध लावला' असं म्हणताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण धनगर, ठाकर आणि कातकरी तिथे आधीपासून वावरत होतेच. साहेबांसाठी थंड हवेचं ठिकाण म्हणून तो डोंगर मॅलेटने पुढे आणला, एवढं म्हणणं बरोबर. आणि त्याच्या नावातला 'पॉइंट्झ', तोही एका जुन्या नॉर्मन घराण्याचं आडनाव. अशी घराण्यांची आडनावं मुलाच्या मधल्या नावात अडकवून ठेवायची त्यांची पद्धत होती. आणखी एक भाऊ, जॉर्ज, मुंबई घोडदळात होता. त्याने सिंधच्या फारसी इतिहासाचं भाषांतर केलं आणि १८५६ च्या इराण मोहिमेत तो मारला गेला.

पुढच्या पिढीत अलेक्झांडरचा मुलगा सर एडवर्ड मॅलेट हा इजिप्तमध्ये ब्रिटनचा कॉन्सल-जनरल होता, १८८२ च्या उराबी पाशाच्या उठावाच्या वेळेस, आणि नंतर बर्लिनला राजदूत. आफ्रिकेच्या वाटणीची १८८४-८५ ची परिषद झाली तेव्हा ब्रिटनतर्फे तोच होता. त्याची बायको ड्यूक ऑफ बेडफर्डची मुलगी, आणि लंडनचा ब्लूम्सबरी भाग त्या ड्यूकच्या मालकीचा. लंडन विद्यापीठाची मुख्य इमारत ज्यावर आहे तो मॅलेट स्ट्रीट त्याच्यामुळे. तिथे शिकणाऱ्या मराठी मुलांना मी सांगतो, की या नावाचा आजोबा शनिवारवाड्यात जात-येत असे.

फ्रान्समध्ये राहिलेल्या फांदीचं थोडक्यात. १२०४ मध्ये राजा जॉनने नॉर्मंडी गमावली तेव्हा दोन्हीकडे जमिनी असलेल्या घराण्यांना एक धनी निवडावा लागला. ग्राविलचे मॅलेट फ्रेंच राजाकडे राहिले. त्यांतला एक जीन १३५६ मध्ये रूआंला राजाच्या हुकुमाने शिरच्छेदाला गेला. लुई मॅलेट द ग्राविल पुढे फ्रान्सचा आरमारप्रमुख झाला, आणि त्याची मुलगी ॲन द ग्राविल कवयित्री. त्यांच्या ढालीवर लाल पार्श्वभूमीवर तीन सोनेरी बकलं, तर इंग्लंडच्या मॅलेटांच्या ढालीवर निळ्यावर तीन सोनेरी शिंपले. यावरून दोघांचं मूळ वेगळं असं ठरत नाही, कारण ढालींवरची चिन्हं वंशपरंपरेने चालू लागली तीच मुळी हेस्टिंग्जनंतर दोन-तीन पिढ्यांनी. आणि आडनावाला मिळते ती कोट ऑफ आर्म्सची चौकट घेऊ नका. चिन्ह व्यक्तीचं आणि तिच्या वारसांचं असतं, साऱ्या मॅलेटांचं नसतं.

आता खरी फसगत कुठे होते ते. मॅलेट या उच्चाराचे सगळे एकाच घरातले नाहीत, आणि हिंदुस्थानच्या कागदांत तर हे मुद्दाम गोंधळ घालायला जमल्यासारखे दिसतात. लंडनच्या इंडिया ऑफिसात १८७४ पासून बरीच वर्षं कायम उपसचिव असलेला सर लुई मॅलेट हा दोन 'एल'वाला (Mallet; माथेरानच्या घराण्याचं स्पेलिंग Malet). तो जिनिव्हाच्या प्रोटेस्टंट घराण्यातला, फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिणारा पत्रकार मॅले द्यु पां याचा वंशज. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातला एफ. आर. मॅलेट, ज्याने अंदमानजवळच्या बॅरन बेटाच्या ज्वालामुखीवर लिहिलं, हाही दोन 'एल'वाला, पण तिसऱ्याच घरचा: भूकंपशास्त्राचा पाया घालणारा आयर्लंडचा रॉबर्ट मॅलेट याचा मुलगा. मराठी लिपीत हे सगळे 'मॅलेट' होतात आणि एका 'एल'चा फरक पुसला जातो. म्हणून टिपणं करताना मूळ स्पेलिंग, हुद्दा आणि वर्ष या तिन्ही गोष्टी शेजारी लिहून ठेवा.

त्याही पुढचे नमुने आहेत. अठराव्या शतकातला कवी डेव्हिड मॅलेट हा स्कॉटलंडचा मॅलॉक. लंडनला आल्यावर इंग्रजांच्या तोंडात बसेना म्हणून त्याने नावच बदललं. डॉ. जॉन्सनने त्याची त्यावरून खिल्ली उडवली आहे. 'लुकस मॅलेट' या नावाने कादंबऱ्या लिहिणारी बाई ही चार्ल्स किंग्जलीची मुलगी, टोपणनाव घराण्यातल्या जुन्या नावांवरून घेतलेलं. ऑक्टोबर १८१२ मध्ये नेपोलियन रशियात मेला अशी थाप मारून पॅरिसमध्ये काही तास सत्ता उलथवणारा जनरल क्लोद-फ्रांस्वा द मॅले हा नॉर्मंडीचा नव्हे, स्वित्झर्लंडकडच्या दोल गावचा. टोपणनावावरून पडलेलं आडनाव फ्रान्सभर वेगवेगळ्या गावी स्वतंत्रपणे पडू शकतं. गावावरून पडलेल्या पर्सीसारख्या नावात ही भानगड कमी असते.

मुंबईत भाऊच्या धक्क्याजवळ मालेट बंदर आहे, त्याचं नावही याच घराण्याशी जोडतात. ते पटण्यासारखं आहे, पण वंशावळीत लिहायचं तर नुसतं पटून भागत नाही. बंदराच्या नामकरणाचा कागद हातात घेऊनच कुठल्या भावाचं नाव ते लिहावं.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर उलट्या दिशेने चला, म्हणजे ह्यूपासून मागे. मुंबई इलाख्याचे जुने नागरी सेवेचे तपशील आणि बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. तिथून चार्ल्स, तिथून त्याचा पाद्री बाप, मग सॉमरसेट-डॉर्सेटची चर्च रजिस्टरं आणि मृत्युपत्रं. सतराव्या शतकापर्यंत ही वाट नीट सापडते. त्यामागे एनमोरचे जमिनीचे कागद. तेराव्या शतकात मॅग्ना कार्टावाल्या विल्यमपाशी आलात की त्याला ओलांडून चुलत फांदीवर उडी मारावी लागते, आणि अकराव्या शतकात आयच्या रॉबर्टपाशी दुसरी. या दोन्ही ठिकाणी तुमच्या वहीत ठळक रेघेऐवजी तुटक रेघ काढा.